दीड तासाचे उड्डाण, सहा तासांचा प्रवास

ठाकूरद्वार नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट मार्गाने चालू लागले की जुन्या चाळींच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिलेल्या दिसतात. चाळी पुनर्विकासाला गेल्या तशी काही वृद्ध मंडळी कोकणातील मूळ घरी परतली. मुले-लेकी नोकरीनिमित्त दूर गेल्या. डॉक्टर मात्र इथलाच राहिला. म्हणून सावंतवाडीहून दूरध्वनी येतो, "डॉक्टर, नागपूरला नातवाची मुंज आहे. विमानाने झेपेल ना?"

सावंतवाडीकरांना जवळचा असा एक विमानतळ म्हणजे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा. तेथील विमानसेवा ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाली. मोपा ते नागपूर हे सरळ हवाई अंतर सुमारे ८१० किलोमीटर आहे. उंचीवर स्थिरावलेले जेट विमान ताशी साधारण ८०० किलोमीटर वेगाने जाते. परंतु चढता-उतरताना वेग कमी असतो आणि धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो. म्हणून थेट विमानाला सुमारे दीड तास धरावा.

वृद्ध शरीर मात्र दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजते. घरातून विमानतळ एक तास, तेथे दोन तास आधी पोहोचणे, दीड तास उड्डाण, उतरून सामान मिळेपर्यंत पाऊण तास आणि पुढे घरी जायला पाऊण तास. झाले सहा तास! मुंबईत किंवा अन्यत्र विमान बदलावे लागले, तर जवळजवळ सारा दिवस.

या सहा तासांत शौचालयाच्या धास्तीने अनेक ज्येष्ठ पाणी पिणे सोडतात आणि लघवीची गोळी परस्पर टाळतात. खरा धोका तेथे आहे. गोळीची वेळ बदलायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून बदलावी. औषधे आणि इन्सुलिन हातातील पिशवीतच असावे. चार तासांहून अधिक बैठक झाली की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तेव्हा मोटार आणि प्रतीक्षेची बैठकही मोजावी. अधूनमधून उठावे, पावले खाली-वर हलवावीत. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. त्यात संकोच कसला?

केबिनमधील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तेवढाच असतो. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घ्यावे. निरोगी माणसाला ही विरळ हवा सहज सोसते. मात्र फुप्फुसाचा जुना विकार, कमजोर हृदय किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी, तसेच नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी वा शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

घरच्यांना एवढेच सांगणे: स्वस्त तिकिटापेक्षा थेट विमान पाहावे, तेही दिवसाउजेडी घरी पोहोचवणारे. मुंजीच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी निघावे. म्हणजे आजी-आजोबा मांडवात थकून नव्हे, हौसेने बसतील.