साधीच साईट आहे

आयटीत पंधरा वर्षं काढली की नातेवाईकांचा पक्का समज होतो, याला वेबसाईट बनवता येते. मी बँकेच्या सिस्टीमसाठी जावा लिहितो हे सांगून काही उपयोग नसतो. दिवाळीच्या दोन महिने आधी सांगलीहून ताईचा फोन. तिचा फराळाचा धंदा आता बऱ्यापैकी वाढलाय. "अरे, फोनवर ऑर्डरी घेऊन घसा बसतो माझा. साईट कर की एक. तुला काय, अर्ध्या तासाचं काम!"

म्हटलं, ऑनलाईन फ्रीलान्सर गाठू.

हा बाजार तसा जुना. रेंट-अ-कोडर २००१ चं. ओडेस्क २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी काढलं. पुढे ईलान्स आणि ओडेस्क एक झाले आणि २०१५ मध्ये त्यांचं अपवर्क झालं. ओडेस्कची एक गंमत म्हणजे ताशी काम असेल तर डेव्हलपरच्या स्क्रीनचे तासाला सहा फोटो क्लायंटला दिसायचे. आपल्या मॅनेजरला ही कल्पना कळू नये इतकीच प्रार्थना. मी ज्या साईटवर गेलो तिथे फिक्स्ड प्राईस निवडली, ३०० डॉलर. पैसे आधी एस्क्रोमध्ये अडकवायचे, काम पसंत पडलं की सोडायचे.

तासाभरात चाळीसेक अर्ज आले, निम्मे कॉपी-पेस्ट. पण मीही बेरकी. जाहिरातीच्या तळाशी लिहिलं होतं, 'अर्जाची सुरुवात चकली या शब्दाने करा.' चौघांनीच केली. त्यातला एक बांगलादेशातला, खुलन्याचा मुलगा. त्याने पुढे लिहिलं होतं, "चकली काय ते गूगलवर पाहिलं सर. आता भूक लागली." त्यालाच काम दिलं.

पोरगं चोख होतं. घोडं अडलं कुरिअरच्या खर्चावर. माझ्या स्पेसिफिकेशनमध्ये एकच ओळ होती: 'शिपिंग चार्जेस कॅलक्युलेट व्हावेत.' त्याने वजनाप्रमाणे केले. पण चिवडा हलका आणि डबा हा एवढा! तिथे बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, ५००० ने भागतात आणि येईल ते वजन धरतात. शिवाय पिनकोडप्रमाणे दर वेगळे. हे मी त्याला शेवटच्या आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, "सर, हे ठरलेल्या कामात नव्हतं. ४० डॉलर वाढवून द्याल का?"

मी उत्तर दिलं, "हे ऑब्व्हियस आहे. कुठल्याही डेव्हलपरला समजायला हवं."

आता हसू नका. त्याच आठवड्यात आमच्या अमेरिकेतल्या क्लायंटने एक बटण हलवायला सांगितलं होतं, तर मी बाणेदारपणे मेल टाकली होती: मूळ स्कोपमध्ये नाही, चेंज रिक्वेस्ट पाठवा.

त्याने दोन रात्री बसून सगळं करून दिलं, फुकट. मी पैसे सोडले आणि स्टार दिले चार. एक कापला, कारण जादा पैसे मागितले. त्याचा एका ओळीचा मेसेज आला: "सर, आतापर्यंत सगळे पाच होते." मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

दिवाळी झकास गेली. ताई खूश, मी घरात हीरो.

जानेवारीत ताईने डब्याचं माप बदललं, म्हणून मी पहिल्यांदाच त्याचा कोड उघडला. स्वच्छ कोड, आमच्या ऑफिसातल्यापेक्षा बरा. कुरिअरच्या फंक्शनवर एक कॉमेंट होती: 'क्लायंट म्हणतो हे ऑब्व्हियस आहे.'

बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग बोनसच्या बटणावर जाऊन ४० डॉलर पाठवले आणि स्टार बदलायला गेलो. ती मुदत कधीच संपली होती. "थँक यू सर," असं त्याचं उत्तर आलं. बोनस कशाचा, ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

परवा हे सगळं ताईला सांगितलं. तिने माझ्याकडे जसं बघितलं ते जाऊ दे. म्हणाली, "त्याचा पत्ता घे, डबा पाठवू. कुरिअर किती पडेल ते साईटवर बघ."

बघितलं. आमची साईट सहा आकडी पिनकोड मागते. बांगलादेशचा असतो चार आकडी. म्हणजे साईटमध्ये बदल आला. सध्या त्याचं स्पेसिफिकेशन लिहायला बसलोय, दोन पानं झालीत.