मंगळावरचं तळं आणि आमची बोअर



मंगळावर गेल नावाचा एक खड्डा आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेला, १५४ किलोमीटर रुंदीचा. आपल्या बुलढाण्यातलं लोणार सरोवरही उल्केनेच झालं, पण ते जेमतेम पावणेदोन किलोमीटरचं. ६ ऑगस्ट २०१२ रोजी नासाची क्युरिऑसिटी ही सहा चाकी यंत्रगाडी त्या खड्ड्यात उतरली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने तिथल्या खडकाला भोक पाडलं. वरून मंगळ तांबडा, पण आतली पूड निघाली राखाडी, चिकणमाती असलेली. मार्चमध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, इथे एके काळी पाणी होतं आणि ते पिण्याजोगं होतं.

त्याच वर्षी आमच्या माणात काय चाललं होतं, आठवतंय ना? नदी कोरडी ठाक, म्हसवडला जनावरांची छावणी आणि आम्ही हंडे मांडून टँकरच्या वाटेकडे डोळे लावलेले.

मंगळाचं पाणी कुणी उपसलं नाही. तिथली हवा हळूहळू अवकाशात विरत गेली, मग पाणी काही उडालं, काही गोठलं, काही खडकांत अडकलं. आपल्याकडे हवा आहे, थोडाफार पाऊसही आहे. उपसणारे आपणच. मी बी.कॉम. झालेली, मला हिशेबाची भाषा कळते. पाऊस हे व्याज, जमिनीखालचं पाणी हे मुद्दल. आपण मुद्दलालाच हात घातलाय.

सध्या आमच्या घरी दुसऱ्या बोअरची चर्चा आहे. पहिली चारशे फुटांची, ती आटली. मुलगा म्हणतो, आणखी खोल जाऊ. मी नको म्हणते. सासूबाई विहिरीचं पाणी गाळायच्या आणि गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडायच्या. जिथले जीव तिथेच परत. आठशे फुटांखालच्या पाण्याची जिवाणी कुठे सोडायची? शास्त्रज्ञ पाण्याचा माग काढत जीव शोधतात. आपल्याला तर पाणी हेच जीवांचं शरीर, अप्‌काय, असं लहानपणीच पाठशाळेत शिकवलंय.

म्हणून मी सुचवलंय, बोअरचे पैसे जुन्या विहिरीचा गाळ काढायला लावू आणि गच्चीचं पाणी पाइपने, गाळून, विहिरीत सोडू. मुलगा अजून राजी नाही. पण मृगाच्या आत काम व्हायला हवं, म्हणून मी गवंड्याला बोलावून अंदाज काढून ठेवलाय.

तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर खर्च किती आला आणि विहिरीला पाणी किती टिकलं, ते नक्की कळवा. आकडे हातात असले की मुलाशी बोलणं सोपं जातं.