सामराजगडावर अम्मीसोबत

जंजिरा बघायला येणारे बहुतेक लोक राजपुरीला होडीत बसतात, किल्ला फिरतात आणि घरी जातात. दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून गेलेले आम्हीही तेच करणार होतो. पण मुरूडला कळले की खाडीपलीकडे एकदरा गावाच्या वर सामराजगडाची टेकडी आहे आणि तिथून जंजिरा व पद्मदुर्ग दोन्ही दिसतात.

अडचण अम्मीच्या गुडघ्यांची होती. तिला किनाऱ्यावर बसवून आपण जाऊन यावे, असे आम्ही ठरवले. ती ऐकेना. आमचे नाना 1968 साली मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. (ती जहाजे 1995 पर्यंत चालली.) कित्येक दिवस चारी बाजूंना नुसते पाणी, हे त्यांचे बोलणे ऐकतच ती मोठी झाली. तिने पाहिलेले सर्वात मोठे पाणी म्हणजे आमचा मोती तलाव, आणि तोही उन्हाळ्यात आटलेला. "खालून समुद्राची नुसती पट्टी दिसते," ती म्हणाली, "मला पुरता बघायचाय."

धडधाकट माणसाला अर्ध्या तासाची चढण आम्हाला दीड तास पुरली. गावातल्या एका कोळी मावशींनी अम्मीला काठी दिली. वाळलेल्या गवतात पाय घसरत होता, करवंदीच्या काट्यांत बुरखा अडकत होता. तिसऱ्यांदा ती खाली बसली तेव्हा आम्ही म्हणालो, "बस झालं अम्मी, परत फिरू." तिने उत्तर दिले नाही, पाणी प्यायली आणि उठली.

वर गडाचे फारसे काही उरलेले नाही. सिद्दीवर नजर ठेवायला शिवरायांच्या काळात बांधलेला हा छोटा किल्ला पुढे सिद्दीनेच घेतला. आता थोडे तट आणि झुडपे. पण समोर पाण्यात पद्मदुर्ग, आणि डावीकडे जंजिरा! अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून जंजिरा, हे उर्दूच्या तासाला आम्ही अठरा वर्षे शिकवत आलो. बेट मात्र त्याच दिवशी पाहिले. मुलांना सांगितले, आपल्या शेजारचे खडकी शहर 1610 मध्ये वसवणारा मलिक अंबरही या सिद्दींसारखा हबशीच. त्यांचे लक्ष होड्यांकडे होते.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "इत्ता पानी! अब्बा सच्ची बोलते थे."

असरची वेळ झाली. किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, म्हणजे समोर समुद्रच. अम्मीने दगडावर बसून नमाज अदा केली.

"नानांचं जहाज इथून दिसलं असतं का?" धाकट्याने विचारले.

नसते दिसले. मुंबई इथून बरीच उत्तरेला. आम्ही तसे सांगणार, तोच अम्मी म्हणाली, "दिसलं असतं."

उतरताना गुडघ्यांनी जास्त छळले. खाली पोचेपर्यंत मगरिब होत आली होती. काठी परत द्यायला गेलो, तर मावशी म्हणाल्या, राहू द्या. ती आता जालन्याला दाराआड उभी आहे.