उघडलेला रस्ता आणि दोन चाके

मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये केव्हातरी सीमा सडक संघटनेने मनाली-लेह मार्गावरील बर्फ कापून तो वाहतुकीस खुला केल्याची बातमी येते आणि पुण्या-मुंबईच्या मोटारसायकलस्वारांची रजेची जुळवाजुळव सुरू होते. २०२३ साली तर ही बातमी २५ मार्चलाच आली होती. मात्र ‘खुला’ हा शब्द तेथे रस्ता बांधणाऱ्याच्या अर्थाने वापरलेला असतो: यंत्राने बर्फाच्या पोटातून एका गाडीपुरती वाट कापली, दोन्ही बाजूंनी काम करीत आलेली पथके एकमेकांस भेटली आणि लष्कराची रसद जाऊ लागली, एवढाच त्याचा आशय. आरंभीच्या आठवड्यांत साधारणपणे साखळ्या लावलेल्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांनाच एकेरी पद्धतीने सोडतात आणि दुचाकींना मागाहून परवानगी देतात, तो केवळ सरकारी सावधपणा नव्हे; दोन चाकांसाठी रस्ता उघडण्याची तारीख खरोखरच वेगळी असते.

ही तारीख ओळखणे अलीकडे अधिक अवघड झाले आहे. पूर्वी रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड हीच वेशीवरची चौकी होती. ती मोकळी होईतो पुढचा प्रश्नच उद्भवत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून निघालेला स्वार पाऊण तासात सिस्सूच्या उन्हात, कोरड्या डांबरावर पोहोचू लागला. हिवाळा संपल्याचा भास येथेच होतो. बोगदा एका हिवाळ्याच्या खालून नेतो खरा, पण दारचाच्या पुढे बारालाचा खिंडीवर, म्हणजे रोहतांगहून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दुसरा हिवाळा तसाच मुक्काम ठोकून असतो. आणि भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात एप्रिल-मे महिन्यांतही तेथे नव्याने बर्फ टाकून जातात.

बर्फ कापलेल्या रस्त्याची रचना नीट पाहिली म्हणजे धोक्याचे मूळ कळते. दोन्ही कडांना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती उभ्या असतात. दुपारच्या उन्हाने त्या पायथ्याशी पाझरतात, ते पाणी उताराप्रमाणे डांबरावरून आडवे वाहते, आणि सूर्य डोंगराआड जाताच जेथल्या तेथे गोठते. सकाळी त्याचा काचेसारखा पातळ थर होतो, ज्याला काळा बर्फ म्हणतात. प्रत्यक्षात तो रंगहीन असतो आणि खालचे डांबरच त्यातून दिसते, म्हणून तो नुसत्या ओल्या रस्त्यासारखा भासतो. या दोहोंतला भेद ओळखण्याची एक खूण अनुभवी स्वार जपतात: पुढे चाललेल्या गाडीच्या चाकांकडे पाहावे. रस्ता ओला दिसत असून चाकामागे तुषार उडत नसतील, तर ते पाणी नव्हे. अशा वेळी ब्रेकला हात न लावता, गाडी न झुकवता, एकाच मंद गतीने सरळ जावे आणि वळण येण्यापूर्वीच वेग उतरलेला असावा. भिंतीच्या सावलीतला पट्टा उन्हातल्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ उशिरा सुटतो, त्यामुळे शंभर मीटर कोरडे डांबर मिळाले म्हणून पुढच्या वळणाचा भरवसा धरता येत नाही.

सह्याद्रीच्या घाटांत तयार झालेला हात येथे फसतो तो याच जागी. ताम्हिणीत किंवा आंबोलीत भर पावसात गाडी हाकणाऱ्याला ओल्या रस्त्याचे भय उरत नाही, आणि ते योग्यही आहे. कारण रबर व डांबर यांमधील घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचे माप, कोरड्यात ढोबळमानाने ०.८ असले तर ओल्यात ते ०.५ च्या आसपास राहते. बर्फावर ते ०.१ पर्यंत घसरते. त्यातच थंडीने टायरचे रबर ताठ होते आणि उन्हाळी मिश्रणाचा टायर सात अंश सेल्सिअसच्या खाली आपली लवचिकता हरवू लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही हे खरे, पण नसलेली पकड ते आणणार कोठून? मोटारीचे एक चाक घसरले तरी उरलेली तीन तिला उभी ठेवतात, मोटारसायकलचे पुढचे चाक घसरले की स्वार खाली आलाच.

मे सरता सरता बर्फाचा प्रश्न हळूहळू पाण्याचा होतो. झिंगझिंगबारच्या परिसरातले नाले रस्त्यावरूनच वाहतात आणि त्यांचे वेळापत्रक सूर्याच्या हाती असते: पहाटे घोट्याएवढे असलेले पाणी, वरचा बर्फ वितळून खाली पोहोचेतो, तिसऱ्या प्रहरी गुडघ्याला लागते आणि तळाचे गोटे रोज जागा बदलतात, म्हणून कालची वाट आज उपयोगी पडत नाही. आधी पायी उतरून किंवा एखादा ट्रक कोठून गेला ते पाहून ओळ ठरवावी, पहिल्या गिअरमध्ये रेस सारखी धरून, नजर पुढच्या चाकावर न ठेवता पैलतीरावर ठेवून पार व्हावे, आणि बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबत ओलावा घालवावा. बुटांत शिरलेले पाणी हा किरकोळ त्रास वाटतो. परंतु त्यानंतर तासभर वाऱ्यात पाय बधिर होतात आणि मागचा ब्रेक नेमका किती दाबला ते कळेनासे होते. पायमोज्यांवर चढवलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी या बाबतीत महागड्या बुटांच्या बरोबरीने काम देते.

यावरून निघणारे गणित चमत्कारिक आहे. फार सकाळी निघावे तर काच, दुपारी निघावे तर पूर. हंगामाच्या आरंभी खिंडीच्या या बाजूला दोन चाकांच्या वाट्याला साधारण नऊ-साडेनऊपासून दुपारी बारापर्यंतचा तुकडा येतो, आणि तेवढ्यात बारालाचा ओलांडता येणार नसेल तर दारचाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. पलीकडेही निवारा गृहीत धरता येत नाही. सरचू व पांग येथील तंबूंचे ढाबे हंगाम बसल्यावरच लागतात, आणि तांदीच्या पंपावरील पाटी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे वर्षानुवर्षे बजावत आली आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच अधिक असतो, त्यामुळे इंजिनाचे बळ घटते आणि माणसाचेही. दमलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय बहुधा पुढे जाण्याचाच असतो.

म्हणून रस्ता उघडल्याच्या तारखेपेक्षा तंबू लागल्याची खबर दुचाकीस्वाराने अधिक विश्वसनीय मानावी. ती साधारणपणे जूनमध्ये मिळते. तोवर कोणी निघालाच आणि दारचाला दुपारचे बारा वाजले, तर जिस्पा सात किलोमीटर मागे आहे आणि तेथे मुक्कामाची सोय होते.