दोन रंगांची बोली

वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली, म्हणून पत्त्यांचा डाव पॅसेजमध्ये. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं हा तर जन्मसिद्ध हक्कच! ब्रिजमध्येही खुणा असतात, पण उघड. समोरच्याने ‘एक बदाम’ म्हटल्यावर आपण ‘दोन बदाम’ म्हणायचं, ही मायकल्स बोली : निदान पाच इस्पिक, शिवाय किलवर किंवा चौकटची पाच पानं. ‘दोन नो-ट्रम्प’ म्हणजे किलवर-चौकट दोन्ही. प्रतिस्पर्ध्याने अर्थ विचारला तर सांगावाच लागतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आई म्हणते, "घर झकास आहे रे, पण दारं बंद असतात." तक्रार नाही ही. हातात दोन रंग आहेत, बोली एकच. भिडूने दोन्ही ऐकावेत, एवढंच.