तालमीतला बदाम

कोल्हापुरात मुक्कामाला असाल, तर एक दिवस पाचच्या सुमारास उठावे आणि गंगावेशीकडे चालू लागावे. महाद्वार रस्त्यावरची दुकाने बंद असतात, झाडलोट करणाऱ्यांखेरीज रस्त्यावर कोणी नसते. तरीही एखाद्या जुन्या इमारतीच्या आतून धप्प, धप्प असा आवाज ऐकू येतो. तो मातीवर पडणाऱ्या देहांचा आवाज. गाव उठण्यापूर्वीच तालीम जागी झालेली असते.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेलो तो वडिलांना सोबत घेऊन. त्यांचे वय ७८. तरुणपणी दोन वर्षे ते कोल्हापूरच्या एका तालमीत राहिले होते. मोठे मल्ल काही झाले नाहीत. घरच्या शेतीने त्यांना परत बोलावले. पण त्या दोन वर्षांनी त्यांना एक श्रद्धा दिली, ती जन्मभर टिकली. अंगात ताकद आणायची तर बदाम! मुलांच्या परीक्षा असोत, सुनेचे बाळंतपण असो की कोणाचा ताप उतरलेला असो, आमच्या घरी त्यांचा उपाय ठरलेला असे.

त्यांच्यावर पावसाळ्यात न्यूमोनियाचे दुखणे आले. तीन आठवडे अंथरुणात गेले. छाती बरी झाली, पण पाय पूर्वीचे राहिले नाहीत. मांड्या ओसरल्या, पायजमा कमरेला सैल होऊ लागला, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा लागू लागला. आम्ही त्यांच्याच श्रद्धेने रोज रात्री दहा बदाम भिजत घालत होतो आणि सकाळी सोलून, वाटून देत होतो. दोन महिने हे चालले. बदाम संपत होते, शक्ती काही येत नव्हती. आणि एका रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ते पडले. हाड मोडले नाही, पण त्यांचा धीर खचला. "हल्लीच्या बदामांत कस राहिला नाही," एवढेच ते म्हणाले.

तुमच्या घरी कोणी वयोवृद्ध असेल, तर हे चित्र तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. म्हणूनच पुढची हकिगत सांगावीशी वाटते.

मातीच्या काठावर

नात्यातल्या एका लग्नासाठी कोल्हापूरला जाणे झाले. वडिलांना जुनी तालीम पाहायची होती. रिक्षा दारापर्यंत नेली आणि त्यांना धरून आत नेले. दारातच मारुतीची शेंदरी मूर्ती, तिच्यापुढे तेवणारी पणती, आणि आत अंधूक उजेडात लाल मातीचा हौद. ही माती साधी नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तेल, कापूर घालून ती पुन्हा पुन्हा खणून मऊ ठेवतात. आत शिरताच तिचा ओलसर, आंबूस वास येतो. तो वास येताच वडील क्षणभर थांबले. त्यांनी चपला काढल्या, वाकता येईना म्हणून माझ्याकडून चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला लावली.

वस्ताद साठीचे असावेत. वडिलांनी आपली ओळख सांगताच ते उठून उभे राहिले. "या पैलवान, बसा," म्हणाले. कित्येक वर्षांत या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

समोर पंधरा-वीस पोरे घाम गाळत होती. कोणी जोर मारीत होते, कोणी बैठका काढीत होते, दोन जोड्या मातीत लढत होत्या. जोर-बैठकांची मोजणी इथे शेकड्यांनी होते. मेहनत संपल्यावर एका कोपऱ्यात थंडाईची तयारी सुरू झाली. रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, टरबुजाच्या बियांचा मगज, काळी मिरी, वेलदोडा हे सारे मोठ्या कुंडीत घालून लाकडी सोट्याने घोटले जाते. अगदी लोण्यासारखे झाले की त्यात दूध ओततात. तो सोटा फिरवणे हाही एक व्यायामच. दंडाचे स्नायू कसे ताणले जातात ते पाहात राहावे.

वडिलांनी आपली तक्रार वस्तादांपुढे मांडली. दोन महिने बदाम खातो आहे, पण पायांत जोर येत नाही. वस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "पैलवान, बदाम हाय की. पण त्येच्या आदी दोन तास मेहनत हाय, आन् मागनं दूध हाय, डाळ-भाकरी हाय, अंडी-मटण हाय. तुमी जाताना नुसता बदाम उचलून नेलासा. बाकीचं सगळं हितंच ऱ्हायलं की."

ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

दहा बदामांचा हिशेब

परत आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा वस्तादांचेच म्हणणे त्यांनी आकड्यांत मांडले. शंभर ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. आकडा मोठा वाटतो, परंतु शंभर ग्रॅम म्हणजे ऐंशीच्या आसपास बदाम. आपण खातो दहा. त्यांचे वजन सुमारे बारा ग्रॅम, आणि त्यांतली प्रथिने अवघी अडीच ग्रॅम.

आता गरज पाहा. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. उतारवयात अन्नातल्या प्रथिनांपासून स्नायू घडवण्याची शरीराची क्षमता मंदावते. म्हणून ज्येष्ठांनी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असे या विषयातले अनेक तज्ज्ञ सांगतात. वडिलांचे वजन ५८ किलो, म्हणजे गरज ५८ ते ७० ग्रॅमांची. प्रत्यक्षात चहा-बिस्किटे, अर्धी भाकरी, मऊ भात आणि बदाम मिळून निम्मेही भरत नव्हते. दहा बदाम दिले की आपले कर्तव्य झाले, अशी आमचीच समजूत होऊन बसली होती.

मग बदाम कुचकामी ठरतो का? मुळीच नाही. त्यात 'ई' जीवनसत्त्व विपुल असते. स्नायूंच्या आकुंचन-प्रसरणाला लागणारे मॅग्नेशियम असते, थोडे कॅल्शियम, तंतू आणि हृदयाला मानवणारी स्निग्धे असतात. दहा बदामांतून सुमारे सत्तर उष्मांक मिळतात. ज्यांची भूक मेली आहे, चार घासांत पोट भरते, त्यांना एवढ्याशा आकारात एवढे पोषण देणारे खाद्य मोलाचेच. पण त्याच्या प्रथिनांत लायसीन हे एक आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. ते दुधात आणि डाळींत भरपूर असते. तालमीत बदाम दुधातच का घोटतात, याचे उत्तर यात सापडते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती जोडी जुळवली. प्रयोगशाळेने तिला नंतर दुजोरा दिला.

गंगावेस ते खासबाग

त्या दिवशी तालमीतून निघाल्यावर आम्ही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबलो होतो. इथे गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळते, कोमट दूध पेल्यात देतात. कोल्हापूरकरांना या धारोष्ण दुधाचा मोठा अभिमान. वडिलांचा हात नकळत पेल्याकडे गेला. मी मात्र त्यांना अडवले. न तापवलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. तरुण पैलवानाच्या शरीरात जे खपून जाते, ते नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या वृद्धाला महागात पडेल. तुम्हीही कट्ट्याचे कौतुक डोळ्यांनी करावे. ज्येष्ठांसाठी दूध घरी आणून, उकळूनच द्यावे.

तिथून लक्ष्मीपुरीत गेलो. बदाम घ्यायचे होतेच. दुकानदाराने दोन वाण पुढे ठेवले. एक कॅलिफोर्नियाचा, एकसारख्या दाण्याचा; दुसरा मामरा, आकाराने वेडावाकडा, तेलकट आणि कितीतरी महाग. वडिलांचा ओढा मामऱ्याकडे. पण शेजारच्या पोत्यात शेंगदाणे होते, त्यापलीकडे फुटाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामापेक्षा जास्तच, आणि किंमत त्याच्या कितीतरी खाली. ज्या घराला बदाम परवडत नाहीत, त्या घराने ज्येष्ठांना आपण काही कमी देतो आहोत अशी खंत बाळगू नये. दाण्याचे कूट, डाळ, दही, दूध, चालत असल्यास अंडे, एवढ्यावर भक्कम खुराक होतो.

शेवटी खासबाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. तसे मैदान आपल्या मल्लांसाठी असावे या इच्छेतून त्यांनी हे उभारले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. मध्यभागी कुस्तीचा हौद आणि भोवती चढत गेलेल्या बैठका. कुठेही बसा, पुढच्याच्या डोक्याआड कुस्ती लपत नाही. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि पुढच्याच वर्षी तो किताब मिळवणारे गणपतराव आंदळकर, दोघेही याच गावच्या तालमींत घडले. वडील पायरीवर बसून जुन्या कुस्त्या सांगत होते. उठायची वेळ आली. त्यांनी माझ्याकडे हात केला नाही. गुडघ्यांवर तळवे टेकले, एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा मात्र मला त्यांना उचलावे लागले. परतताना रिक्षात ते काही बोलले नाहीत.

घरातली तालीम

स्नायू खाण्याने वाढतात त्याआधी कामाने जागे होतात. स्नायूवर भार पडला, तरच मिळालेल्या प्रथिनांचा उपयोग तो स्वतःच्या बांधणीसाठी नीट करतो. पडून राहिलेल्या माणसाला कितीही बदाम भरवले, तरी त्यांतले उष्मांक चरबीच्या रूपाने साठण्याचीच शक्यता अधिक. आणि याला वयाची आडकाठी नाही. १९९० साली अमेरिकेत, बोस्टन येथील एका वृद्धसेवागृहातल्या नव्वदीच्या घरातील दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढल्याचे दिसले.

डॉक्टरांची परवानगी घेऊन आम्ही घरात छोटी तालीम सुरू केली. भिंतीला टेकवलेली, न हलणारी भक्कम खुर्ची. शेजारी एक जण उभा. खुर्चीतून उठायचे आणि सावकाश बसायचे, एवढीच बैठक. त्यानंतर स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलायच्या. पहिल्या आठवड्यात तीनदा उठणे झाले, तेही खुर्चीचे हात धरून. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम लागला, तर त्याच क्षणी थांबायचे, हा आमच्या तालमीचा पहिला नियम.

मेहनत झाली की थंडाई. तिचे घरचे रूप असे: आठ-दहा भिजवलेले बदाम बारीक वाटून एक पेला उकळलेल्या दुधात, वर वेलदोडा, साखर नाही. दुधाचे सहा-सात ग्रॅम आणि बदामांचे दोन-अडीच मिळून एका पेल्यातून सुमारे नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी मुगाचे धिरडे किंवा उकडलेले अंडे, रात्री भाताबरोबर दही. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता दिवसभर वाटून दिली, तर ती अधिक लागू पडतात.

काही गोष्टींची काळजी तुम्ही जरूर घ्यावी. दात नसलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या ज्येष्ठांना अख्खा बदाम कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने आणि बदाम दोन्ही किती द्यावेत, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मुतखडा होत असेल तरीही विचारावे, कारण बदामात ऑक्झलेट असते. कडू लागणारा बदाम थुंकून टाकावा, त्यात विषारी द्रव्य असते. आणि दुकानात पुड्यांतून मिळणाऱ्या 'बदाम दुधा'च्या भुकटीत बदाम किती आणि साखर किती, हे वेष्टनावर वाचून मगच विकत घ्यावे.

तीन महिने झाले. परवा सकाळी वडील हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग आठ वेळा उठले. नववीला बसकण मारली आणि दम घेत म्हणाले, "आता आण तुझे ते बदाम." न्हाणीघराशी आम्ही आधाराचा दांडा बसवला आहे, रात्रीचा दिवाही लावून ठेवतो. भीती अजून पुरती गेलेली नाही. पण बदामाची वाटी आमच्याकडे आता व्यायामाच्या आधी दिसत नाही. ती मेहनतीनंतरच पुढे येते, जशी ती तालमीत येते.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचे दर्शन घ्या, रंकाळ्यावर फिरा. आणि एका पहाटे तालमीच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहा. आधी काय होते आणि मग काय प्यायले जाते, तो क्रम तेवढा पाहून या.