इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची

आपल्या नागपुरात बाहेरचा चहा बहुतेक उभ्यानेच होतो. मोमिनपुरा असो, सदर असो की स्टेशनचा परिसर, टपरीभोवती पुरुषांचे कोंडाळे असते. घरातल्या बायकांचा चहा घरीच. सगळ्या घराने मिळून निवांत बसून चहा घ्यावा, ही सोय मुंबई-पुण्यात इराण्यांच्या हॉटेलांनी फार पूर्वी केली. ती हॉटेले आता एकेक करून बंद पडत आहेत. उरलेल्यांपैकी एक तरी मुलांना दाखवावे म्हणून या सुट्टीत आम्ही मुंबईच्या ‘कयानी’त गेलो. सोबत दादीही होत्या.

संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी सीएसएमटी. तिथून आझाद मैदान आणि झेवियर्स कॉलेजच्या बाजूने मेट्रो सिनेमाकडे पंधरा-वीस मिनिटे चालले की जेर महल ही जुनी इमारत लागते. कयानी तिच्या तळमजल्यावर १९०४ पासून आहे.

ही हॉटेले चालवणारे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधल्या यज्द, किरमान या भागांतून आले. त्यांत बहुतेक झरथोष्ट्री होते, काही मुसलमानही होते. पुण्याचे ‘गुडलक’ १९३५ मध्ये हुसेन अली याक्षी यांनी सुरू केले. कोपऱ्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ मानून सोडत आणि इराणी ती घेत, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा मिळाला आणि दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईकही.

कयानीत शिरताच उंच छत, काचेच्या बरण्यांत बिस्किटे नि खारी, चौकड्यांच्या कापडाची टेबले आणि वर माळ्याकडे जाणारा लाकडी जिना दिसतो. आमच्या मुलांची नजर मात्र खुर्च्यांवर गेली. पाठीला वळवलेल्या लाकडाची कमान, बसायला गोल बैठक. या घाटाची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांनी १८५९ मध्ये बनवली. बीच झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचे. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून त्या जहाजाने दूरदूरच्या देशांत पोचल्या. वजनाला हलकी आणि जागा कमी घेणारी ही खुर्ची गर्दीच्या हॉटेलाला सोयीची. बऱ्याच इराण्यांकडे टेबलावर संगमरवर असे, एका फडक्यात स्वच्छ होणारा. भिंतींवर आरसे असत. त्यांनी जागा मोठी दिसे आणि गल्ल्यावर बसलेल्या शेठला सगळी टेबले दिसत.

या साध्या सामानाने मोठे काम केले. त्या काळी रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगळे मिळे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्याच काळात इराण्याच्या टेबलावर गिरणी कामगार, कारकून, वकील, विद्यार्थी असे कुणीही येऊन बसे. जातधर्माची चौकशी होत नसे. टेबल रिकामे नसेल तर अनोळखी माणसाच्या समोरची खुर्ची ओढून घ्यायची. बायका-मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी ‘फॅमिली रूम’ही असे.

दादी मात्र दारातच अडखळल्या. “हॉटेलात बायका बसतात का? आमच्या उमरीत तर असं कधी झालं नाही.” सुनेने त्यांचा हात धरून आत नेले. भिंतीला पाठ लावून त्या बसल्या. शेजारच्या टेबलावर कपाळाला गंध लावलेले एक आजोबा पेपर वाचत होते, पलीकडे कॉलेजच्या मुली हसत-खिदळत होत्या. कुणी आमच्याकडे वळून पाहिले नाही. चहा आणि बनमस्का आला. मस्का लावलेला पाव चहात बुडवून दादींनी शांतपणे खाल्ला, मग बिस्मिल्लाह म्हणून मावा केकचाही तुकडा तोंडात टाकला. उठताना म्हणाल्या, “इथं थोडं आणखी बसलो असतो तरी चाललं असतं.”

एका दस्तरखानावर सगळ्यांनी बसावे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून मिळते. तो दस्तरखान उंबरठ्याबाहेर किती पसरतो, हे आपणच पाहायचे आहे. रमजानच्या खरेदीत थकलेल्या आयाबहिणी आपल्या बाजारांत दुकानांच्या पायऱ्यांवर टेकतात. पुरुषांसाठी मात्र चहाची बाकडी मांडलेली असतात. आपले चहावाले भाई मनावर घेतील तर एका कोपऱ्यात चार खुर्च्या आणि एक स्वच्छ टेबल सहज मावेल. आणि मुंबईला गेलात तर मुलांना एखादे इराणी हॉटेल जरूर दाखवा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनाही सोबत न्या.